शंभर पाण्यांचं तूप

माझ्या सासूबाईंइतकी चिवट बाई अख्ख्या औरंगाबादेत झाली नाही, आणि झाली असेलच, तर आमच्या सासूबाईंनी तिला हरवूनच घरी पाठवली असेल. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. या आत्याबाईंजवळ साऱ्या जगाच्या दुखण्यावर एकच औषध होतं : शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, वर गार पाणी ओतायचं, तळहातानं गोल गोल फेसायचं आणि पाणी गढुळलं की निथळून टाकायचं. हे झालं एक पाणी. असं शंभर वेळा. शेवटी पिवळं तूप पांढरंशुभ्र होऊन कापसासारखं फुगायचं आणि तुपाचा वास नावालाही उरायचा नाही. परवा माझ्या नातीनं बीटर लावून चार मिनिटांत बरणीभर ‘बॉडी बटर’ केलं आणि माझ्या हाताला चोपडलं. छान होतं की! पण मी सवयीनं विचारलं, “कितवं पाणी गं?” पोरगी माझ्याकडं बघतच राहिली.

नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात शंभर तांबे पाणी तुपावर ओतायचं, म्हणून मामंजी कपाळाला हात लावायचे. आत्याबाई म्हणायच्या, “वाया कुठं चाललंय? पपईला घालते की.” आणि खरंच, आमच्या पपईची साल गल्लीतल्या नव्या नवरीपेक्षा तुकतुकीत असायची. तेव्हा चिकलठाण्याला रोज नवी कंपनी उघडायची. माझे मालक तिथं लेथच्या यंत्रावर होते, आणि तेलानं, यंत्र गार ठेवायच्या कूलंटनं त्यांचे हात पार उलायचे. आत्याबाई त्यांच्या डब्यात भाजीच्या शेजारी तुपाची डबी ठेवायच्या. अर्ध्या कारखान्याची बोटं त्या डबीत बुडायची. एकदा सुपरवायझर रागवायला आला आणि कोपराला तूप लावून घेऊन गेला. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चालाही आत्याबाई एका हातात निळा झेंडा नि दुसऱ्या हातात डबी घेऊन निघाल्या. वाटेत एका पोलिसानं आडवी काठी धरली. त्याचे ओठ थंडीनं फुटलेले. यांनी सरळ त्याची हनुवटी धरली. “तोंड किती फुटलंय रे बाबा! आधी हे लाव, मंग आडव मला.” तो बिचारा ओठ चोळत उभा राहिला आणि तेवढ्यात चाळीस बाया पुढं गेल्या.

पण हे तूप एकटीनं होत नाही. एकीनं फेसायचं, दुसरीनं पाणी ओतायचं नि मोजायचं. मोजायला शेजारीण यायची. तिचं माहेर लासूर स्टेशनकडचं, म्हणून आत्याबाई तिला लासूरवाली म्हणायच्या आणि ती यांना आक्का. धनगराची लेक ती. रोज तिन्हीसांजेला मेंढरं मोजता मोजता वाढलेली, तिच्या मोजणीतून कोकरूसुद्धा सुटायचं नाही. तूपही तिच्याच माहेरचं यायचं. इकडं आत्याबाईंना तोंड मिटून बसणं ठाऊक नव्हतं. बोलता बोलता त्याही मोजायच्या आणि हटकून एकाच जागी घसरायच्या, “पंचावन, छप्पन, साठ.” की लासूरवाली ओरडायची, “आक्का, सत्तावन!” मग दोघी पोट धरून हसायच्या. आत्याबाईंचा नियम मात्र पक्का होता : मोजणी चुकली तर सुधारून पुढं जायचं, पण मधेच कोणी उठलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि एक दिवस लासूरवालीच उठली. नामांतरावरून गावोगाव पेटलं होतं. आत्याबाईंच्या भावाचं गावाकडचं घर जाळलं. भाऊ नि भावजय अंगावरच्या कपड्यांनिशी, दोन गाठोडी घेऊन आमच्या दारात उतरले. लासूरवालीनं आपल्या दारातून ते पाहिलं, आणि ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. महिना गेला, आली नाही. गंमत बघा, तिचा नवरा आणि माझे मालक एकाच कंपनीच्या बसनं जायचे, एकमेकांची जागा धरायचे. इथं मात्र दोन बायांमध्ये कमरेएवढी भिंत, आणि तिच्यावरून शब्द जात नव्हता. आत्याबाई रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या रडल्या. “ज्यांनी जाळलं ते माझे कोणी नव्हते,” म्हणाल्या. “ही माझी व्हती. हिनं पाणीसुदिक इचारलं नाय गं.”

चार महिने असेच गेले. भावाला चितेगावच्या एका कंपनीत काम लागलं आणि घरात जरा हसू परतलं. मालकांचे हात मात्र पुन्हा उलले. तेव्हा आत्याबाईंनी बाजारातून तूप आणवलं, परात घेतली आणि नेमकी त्या भिंतीला टेकून एकट्याच बसल्या. मी पाणी ओतते म्हटलं तर मला हाकललं. मोजत होत्या त्याही अशा खणखणीत, की कोपऱ्यावरच्या गिरणीत ऐकू जावं. “चौपन. पंचावन. छप्पन. साठ.”

भिंतीपलीकडून आवाज आला, “सत्तावन.”

आत्याबाईंचा हात थांबला. “कोण बोललं?”

“मीच, आक्का.”

“चार महिने कुठं मेली व्हतीस?”

“माझे भाऊबी त्या लोकांतच हिंडत व्हते. कोणत्या तोंडानं येऊ?”

आत्याबाईंनी परातीतलं गढूळ पाणी निथळलं. मग म्हणाल्या, “भावाचं तू नको भरू. पण तू इचारायला पायजे व्हतं.”

“व्हय. पायजे व्हतं. चुकलं माझं.”

आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि हात पुढं केला. “ये इकडं. मी उठले, आता मोजणी मोडली. पुन्हा पहिल्यापासून.”

लासूरवाली भिंत चढून आली. दोघी डोळे पुसत मोजत होत्या. ते तूप एकशे सत्तावन्न पाण्यांचं झालं, आणि तसं मऊ तूप पुन्हा कधी झालं नाही. पहिला गोळा लासूरवालीनं स्वतः उचलला आणि आत्याबाईंच्या भावजयीच्या हातांना हळूहळू चोळला. भावजय आधी आखडून बसली होती. मग तिनं दुसराही हात पुढं केला.

पुढं विद्यापीठाला नाव मिळालं. त्या दिवशी आत्याबाईंनी गल्लीत पेढ्याबरोबर तूपही वाटलं. आता त्या नाहीत. त्या खरंच छप्पन्नला चुकायच्या की मुद्दाम, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. थंडी पडली की मी परात काढते आणि लासूरवाली मावशी काठी टेकत मोजायला येते. पहिल्या वर्षी मी शंभरच्या शंभर बिनचूक मोजले, तर ती हिरमुसून म्हणाली, “तू चुकतच नाईस बाई. मंग मी कशाला येऊ?”

तेव्हापासून मी छप्पन्ननंतर साठ म्हणते, आणि वाट बघते.