आवाज बसला तो दिवस

देवावर रुसावं एवढी माझी भक्ती मोठी नव्हती, तरी मी रुसलो होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत जालन्याबाहेरच्या माळावर तरुणांना विमान चालवायला शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. दिवाळीच्या सुमारास नारायण नावाच्या विद्यार्थ्याला मी पहिल्यांदा एकट्याने वर पाठवलं आणि उतरण्याआधीच्या वळणावर त्याचं विमान कोसळलं. तो गेला. त्याच्या आईने मला एवढंच विचारलं, "तुमी त्याला एकटं कामून सोडलं?" तोच प्रश्न मी रोज देवाला विचारत होतो, आणि तिकडून काही उत्तर येत नव्हतं.

त्यानंतर हमीद शिकायला आला. कापसाच्या जिनातल्या मिस्त्रीचा मुलगा, हाताचा मोठा सफाईदार. विमानात मी पुढे बसायचो, तो मागे, आणि मधल्या रबरी नळीतून माझं बोलणं त्याच्या कानात जायचं. नाक खाली घे, वेग बघ, पाय हलका ठेव. खरं तर त्याला हे सांगण्याची गरज राहिली नव्हती. पण माझं तोंड थांबत नव्हतं आणि त्याला एकट्याला सोडून खाली उतरायची छाती होत नव्हती. शेवटी वरच्या साहेबांकडून निरोप आला, सोमवारपर्यंत हा एकटा उडाला नाही तर त्याला घरी पाठवा. माझ्या भीतीपायी त्या गुणी पोराचं नशीब बुडणार होतं.

रविवारी मी जांब समर्थला गेलो. दुपारभर देवळात रामापुढे बसून मोठमोठ्याने जप केला, धीर मागितला, गाऱ्हाणी सांगितली, खरं सांगायचं तर भांडलो. देव आपला गप्प. परतताना पाणी प्यायला एका मळ्यात थांबलो. एक म्हातारे शेतकरी मोट हाकत होते. बैल बिनचूक मागेपुढे जात होते, पण मोटेवरचं गाणं ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, आज गाणं न्हाई?"

"घसा धरलाय," ते खरखरत्या आवाजात म्हणाले. "बैलाला सारं येतंय की. गाणं आपल्याच जिवाला बरं वाटावं म्हून असतंय."

मी पाणी पिऊन निघालो. त्या बोलण्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी उठलो तर माझाच आवाज पार बसलेला. मागितला धीर, आणि देवाने होता तो आवाजही काढून घेतला, म्हणून मी मनातल्या मनात चरफडलो. नेहमीसारखा पुढे बसलो आणि हमीदला खुणेनेच उडायला सांगितलं. वर गेल्यावर नळीत दोनदा बोलून पाहिलं, नुसती हवा गेली. नारायण गेला त्या वळणावर माझे हात आपोआप विमान वळवायच्या दांड्याकडे वळले, पण तोवर हमीदने वळण नीट घेतलं होतं. विमान त्याने अलगद टेकवलं. मी मागे वळून कुजबुजलो, "घाबरलास का रे? माझा आवाजच बसलाय."

"न्हाई उस्ताद," तो म्हणाला. "तुमी काही बोलले न्हाई, मंग मी समजलो, बराबर चाललंय."

मला त्या म्हाताऱ्यांचे बैल आठवले. मी खाली उतरलो, माझ्या रिकाम्या जागेचे पट्टे घट्ट बांधले, हमीदच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजूला झालो. तो एकटा वर गेला. माझ्याकडे आता नळी नव्हती, दांडा नव्हता, रामाचं नाव घ्यायलाही आवाज नव्हता. विमान त्या वळणावर आलं तेव्हा मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, हा तुझा. चाकं जमिनीला लागल्याचं ऐकलं आणि मी तिथेच मातीत बसून रडलो.

नारायण का गेला, हे मला आजही कळलेलं नाही. माझा आवाज रस्त्याच्या धुळीने बसला की आणखी कशाने, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. जमेल तेव्हा जांबला जातो. पूर्वीसारखा भांडत नाही, हात जोडून गुमान बसतो. देव अजूनही काही बोलत नाही. मंग मी समजतो, बराबर चाललंय.