पाठवणीचं रडू

अख्ख्या वसई तालुक्यात आमच्या वन्सांइतकं मनापासून रडणारं माणूस दुसरं झालं नाही, आणि हे मी नणंदेची थट्टा म्हणून सांगत नाही. रडतात सगळेच, पण आपापल्या दुःखापुरते. वन्सांना कुणाचंही दुःख चालायचं, अनोळखी माणसाचं असेल तर जास्तच. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण, बिनलग्नाची, टेलिफोन खात्यात नोकरीला. ट्रंककॉलच्या काळात गावाकडून कुणी गेल्याची बातमी आली की ऐकणाऱ्याच्या आधी लाइनवर यांचा हुंदका जायचा, आणि त्याबद्दल त्यांना साहेबांची बोलणीही खावी लागली होती. आम्ही गिरगावातली खोली सोडून माणिकपूरला फ्लॅट घेतला तेव्हा त्या आमच्याबरोबर आल्या, आणि बघता बघता सोसायटीतल्या प्रत्येक लग्नात पाठवणीच्या वेळी त्यांना पुढे उभं करायची पद्धत पडली. पर्समध्ये दोन रुमाल असायचे, एक डोळ्यांचा आणि एक नाकाचा. तळमजल्यावरच्या रोझीबाईंच्या मुलीच्या लग्नात तर कमाल झाली. हॉलवर बँड जोरात, सगळे नाचताहेत, रडायचा कुणाच्या मनात विचारही नाही, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर आमच्या वन्सं हमसून हमसून रडताहेत. पांढऱ्या झग्यातली नवरी नाच सोडून धावत आली आणि यांच्या गळ्यात पडली. मग तोवर धीर धरून असलेल्या रोझीबाईंचाही बांध फुटला. शेवटी बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. पुढे कितीतरी दिवस रोझीबाईंच्या माहेरच्या वाडीतली केळी आमच्या घरी येत होती.

अशा बाईनं निवृत्तीनंतर वर्षभरात रडायचं सोडलं. एरवी मी म्हटलं असतं, सुटले बाई एकदाची. पण त्यांनी त्याबरोबर जेवणही सोडलं, वेणी घालायची सोडली, आणि भिंतीकडे तोंड करून दिवसचे दिवस पडून राहायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, ‘काही नाही गं, उठून करायचं काय?’ मी खरंच घाबरले. ह्यांनी त्यांना दादरच्या एका मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, नातेवाइकांना मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं म्हणून सांगितलं. रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी सुरू झाली. दीडेक महिन्यानं एके दिवशी वन्सं स्वयंपाकघरात आल्या, आमटीत पळी फिरवली आणि म्हणाल्या, ‘वहिनी, ही आमटी आहे की हात धुतलेलं पाणी?’ इतकी वर्षं त्यांची बोलणी खाल्ली, पण त्या दिवशीइतकी गोड कधी लागली नव्हती.

मग सगळं परत आलं. भूक आली, भाजीवालीशी भांडण आलं, दुपारची मालिका आली. रडणं तेवढं आलं नाही. आधी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, पण समोरच्या बिल्डिंगमधल्या एक म्हाताऱ्या आजी गेल्या तेव्हा वन्सं दोन्ही रुमाल घेऊन गेल्या आणि कोरड्याच बसून राहिल्या. त्या घरची सून म्हणाली, ‘तुम्हालासुद्धा आता दुसऱ्याचं काही वाटेनासं झालं.’ बोलणारी बोलून गेली. वन्सं घरी येऊन मला म्हणाल्या, ‘वाटत होतं गं सगळं. इथपर्यंत येतं आणि परत जातं.’ आणि गळ्याला हात लावून दाखवला. मी म्हटलं, जाऊ द्या, जेवताय ना, तेवढं पुरे. मला ते खरंच पुरेसं वाटत होतं.

पुढच्या वर्षी आमच्या चिऊचं लग्न ठरलं. चिऊ म्हणजे माझी मुलगी. मी नोकरीवर जायचे, त्यामुळे तिला वाढवली वन्सांनीच. पोरीच्या कानाच्या पाळीला सोनाराने भोक पाडलं तेव्हा पोरीपेक्षा या जास्त रडल्या होत्या. साखरपुडा झाला, लग्न दोन महिन्यांवर आलं आणि वन्सांचं पोट दुखायला लागलं. कुठं दुखतं म्हणून विचारलं तर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘इथं, पण इथं नाही, याच्या जरा आत.’ ओवा झाला, हिंग झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. स्टेशनजवळच्या आमच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफी झाली, मग मुंबईला नेऊन पोटात दुर्बीण घातली. प्रत्येक वेळी सगळं नॉर्मल. वन्सं त्यावर भयंकर चिडायच्या. म्हणायच्या, ‘इतकी मोठी मशिनं, आणि एवढं साधं पोट दिसत नाही?’

रोझीबाई म्हणाल्या, बेंबी सरकली असणार, आणि नायगावला खाडीकडे राहणाऱ्या एका बेंबी बसवणाऱ्या म्हातारीला घेऊन आल्या. वन्सांना जमिनीवर आडवं केलं. पोटावर पेटती पणती, तिच्यावर तांब्या उपडा. पणती विझली आणि तांब्या पोटाला घट्ट चिकटला. वन्सं छताकडे बघत निमूट पडून होत्या, आणि तेवढ्यात ह्यांच्या ऑफिसातले एक साहेब लग्नाची चौकशी करायला दारात उभे. तांब्या काही सुटेना. शेवटी वन्सांनी पडल्या पडल्याच ‘या, बसा, चहा घेणार ना?’ म्हणून त्यांचं स्वागत केलं. म्हातारीनं तांब्या सोडवून सांगितलं, ‘बेंबी डावीकडं गेलती, बसवली. आज पान्याचा घोट पन घ्यायचा नाय.’ त्या संध्याकाळी वन्सांना बरं वाटलं. सकाळी पुन्हा दुखायला लागलं. त्यात चक्कर यायची, रात्री भलतीसलती स्वप्नं पडायची आणि ताटात दोन घासांवर काही जायचं नाही. लग्नाचे ब्लाऊज शिवून आले ते त्यांच्या अंगावर लोंबायला लागले. ही बाई लग्नाला उभी तरी राहील का, हा घोर मला लागला, आणि त्याहून वाईट शंका मी तोंडातून बाहेर काढत नव्हते.

अशात एका दुपारी मी घरी आले तर वन्सं टीव्हीसमोर बसून रडत होत्या. कसली मालिका म्हणून बघितलं तर डिंकाची जाहिरात चालली होती. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

‘वहिनी, बघ, आलं. डोळ्यांतनं आलं.’

‘कसं काय आलं?’

‘गोळी सोडली ना मी. मुद्दामच सोडली. चिऊच्या पाठवणीला आत्या कोरडी उभी राहिली तर काय म्हणेल पोर? म्हटलं, आताच सोडावी, तोवर सवय होईल.’

मी टीव्ही बंद केला. ‘कधी सोडली?’

‘साखरपुडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी.’

साखरपुड्यानंतरच्याच आठवड्यात पोट सुरू झालं होतं. माझं डोकं असं तापलं की विचारू नका. ‘अहो, इतके डॉक्टर केले, एकालाही सांगितलं नाहीत?’

‘त्यांनी पोटाचं विचारलं, मी पोटाचं सांगितलं. ती गोळी डोक्याची आहे. त्यांचा काय संबंध?’

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना दादरला घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण ही गोळी एकदम सोडली की काही जणांना असं होतं, पोटातसुद्धा दुखतं. गोळी पुन्हा सुरू करा, आणि पुढे सोडायचीच असेल तर मला विचारून, अगदी हळूहळू सोडू. वन्सं म्हणाल्या, ‘सुरू करते, पण लग्न झाल्यावर. तेवढं पोट मी सहन करीन.’ डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

घरी त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. ह्यांचं नाही, माझं तर नाहीच. मी चिडले, रुसले, बोलणं टाकलं. शेवटी चिऊनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं, वर गोळी ठेवली आणि म्हणाली, ‘आत्या, तू रडली नाहीस तरी मला चालेल. उपाशी राहिलीस तर मी सासरी जाऊन काय करू?’ वन्सांनी पाण्याचा पेला पुढे ओढला आणि गोळी घेतली. आठवडाभरात त्यांना पोळी जायला लागली, आणि लग्नापर्यंत पोटदुखी जवळजवळ गेली.

पाठवणीला आम्ही सगळे रडलो. ह्यांना तर मी पहिल्यांदाच रडताना बघितलं. वन्सं नव्या साडीत ताठ उभ्या होत्या, डोळे ठणठणीत कोरडे. चिऊची बॅग गाडीत नीट बसली का ते त्यांनी बघितलं, ड्रायव्हरला हळू चालवायला सांगितलं, माझ्या हातात नाकाचा रुमाल दिला, आणि डोळ्यांचा आपल्या भावाला. आमच्या एक लांबच्या जाऊबाई मागे कुजबुजल्या, ‘सांभाळली म्हणतात, पण बघा, टिपूस नाही.’ मी वळून त्यांना असं काही बोलले की त्या अजून आमच्याकडे येत नाहीत. येऊही नयेत.

पुढे डॉक्टरांनी वन्सांची गोळी फार सावकाश कमी केली, आधी अर्धी, मग एक दिवसाआड, मधेच पुन्हा थोडी वाढवून. पोट मधूनमधून कुरकुरायचं, पण आता त्या ते दादरला कळवायच्या. असं करत करत गोळी बंद झाली. त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, बाहेर काही घडलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. वन्सांचा हात थांबला आणि त्या रडायला लागल्या, आवाज न करता, पूर्वीसारखं हमसून नाही.

‘पोटात दुखतंय का, वन्सं?’

‘नाही गं,’ त्या म्हणाल्या. ‘चिऊ सासरी गेली.’

चिऊच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं. मी मेथी बाजूला सारली आणि त्यांच्याजवळ सरकून बसले.