बाळंतिणीच्या खोलीचं छत

डाग आधी चहाच्या रंगाचा होता. घर बांधून झाल्याच्या दुसऱ्या वर्षी तो मधल्या खोलीच्या छतावर, खिडकीकडच्या कोपऱ्यात दिसला. बशीएवढा. तिसऱ्या वर्षी सुपाएवढा झाला आणि त्यात काळे ठिपके आले. चौथ्या वर्षी ठिपके एकमेकांना मिळाले आणि त्यांच्यावर लव उगवली. ओली, राखाडी, उंदराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. खोलीचं दार उघडलं की भिजलेल्या गोणपाटाचा वास यायचा, आणि त्याच्या मागून मेलेल्या कशाचा तरी. आई त्याला ओल म्हणायची. बाबा तेवढंही म्हणत नसत.

“जरा दमट हाय,” म्हणायचे. “वाळंल.”

आम्ही मूळचे खानापुराकडचे. ऐंशीच्या सुमाराला बाबांनी इकडे डोंगरातल्या रामनगरात किराणा दुकान घातलं आणि मागच्या जागेत घर बांधलं. आसपासची घरं कौलांची होती. बाबांनी बेळगावाकडचा गवंडी आणून सपाट स्लॅब घातला, कडेनं गुडघाभर कठडा, वर मिरच्या आणि पापड वाळवायला गच्ची. त्यांच्या गावाकडे स्लॅबचं घर म्हणजे माणूस वर आला, अशी समजूत होती. तिकडच्यापेक्षा इकडचा पाऊस कितीतरी जास्त, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी घातला.

जूनपासून गच्चीवर तळं साचायचं. पाणी जायला एकच पाईप होता आणि तो शेजारच्या फणसाच्या पानांनी बुजायचा. पानं कुजून त्यांचा काळा लगदा व्हायचा. तो काढणं माझं काम. कोपरापर्यंत हात घालावा लागे. हाताला आधी गार चिखल लागायचा, मग चिखलात हलणारं काहीतरी. काढून झाल्यावर साबणानं तीनदा हात धुतले तरी जेवताना वास यायचा.

शेजारी-पाजारी सांगायचे, “वर पत्रा घाला की ओ.”

“पत्राच घालायचा हुता तर सलाब कशाला घातला?” बाबा विचारायचे.

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी अक्काला दिवस गेले. माझी ही थोरली बहीण खानापुराजवळच्या गावात दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी. त्याची बोलणी लग्नाच्या याद्यांच्या वेळीच झालेली. पण तारीख श्रावणातली निघाली आणि घरात दार असलेली खोली एकच होती, डागाची. अक्काच्या सासूनं निरोप पाठवला, “मी खोली बघणार. कोरडी असंल तर ठेवून येतो. न्हाईतर परत आणतो.” तिच्या माहेरी ओल्या खोलीत एक बाळंतीण गेली होती, असं ती सांगायची. खरं-खोटं कोणी विचारलं नाही.

आईनं तो निरोप ऐकला आणि पदर खोचला. लेक आपल्याच घरी बाळंत व्हायला हवी, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

पहिल्यांदा चुना दिला. चार दिवसांत डाग चुन्यातून वर आला, आता पिवळी कड घेऊन. मग मी स्टुलावर उभी राहून ब्लीचिंग पावडर आणि काथ्याच्या ब्रशानं छत घासलं. लव ओली होऊन सुटायची आणि तिचे गोळे खाली पडायचे. एक माझ्या मानेवरून पोलक्यात गेला. मी स्टुलावरून उतरले, मागच्या दारी गेले आणि ओकले. परत येऊन उरलेलं घासलं.

उळवीच्या रस्त्यावरचा एक सुपारीचा बागायतदार दुकानात यायचा. त्यानं बाबांना सांगितलं की सुपारीला कोळे रोग लागू नये म्हणून आम्ही मोरचूद आणि चुना मारतो, त्यानं बुरशी मरते. बाबांनी त्याचाच पंप मागून आणला आणि भर आषाढात, अंगावर प्लास्टिकचा कागद घेऊन, गच्चीवर निळं पाणी मारलं. खोलीत छतालाही मारलं. वरचं सगळं तासाभरात पावसानं धुऊन पाईपवाटे गटारात गेलं. खाली काळ्या डागावर हिरवट-निळा थर बसला. आता तो सडलेल्या जखमेसारखा दिसत होता.

बागायतदार पंप न्यायला आला तेव्हा हसला. “शेट, पाऊस लागायच्या आधी मारायचं हे. पावसात कोण मारतं?”

“तुमी सांगितलं न्हाई.”

“हे सांगायचं असतं, हे मला कुठं ठाऊक?”

सासू यायला आठ दिवस राहिले तेव्हा बाबांनी शेवटचा उपाय केला. दुकानातून फिकट निळ्या ऑईलपेंटचे दोन डबे आणले आणि सगळं छत रंगवून काढलं. काम झाल्यावर खोली चकचकीत दिसायला लागली. डाग गेला. आईनं उदबत्ती लावली. मी खोलीत एकटी गेले आणि वर बघितलं. वास तसाच होता, वरून रंगाचा. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात रंग किंचित सुटून खाली आल्यासारखा दिसला. मी आईला दाखवला. आई म्हणाली, “बोलू नकोस.”

अक्का आणि तिची सासू सकाळच्या एसटीनं आल्या. अक्काचे पाय सुजलेले. सासूनं चहाही घेतला नाही, छत्री हातात तशीच ठेवून सरळ खोलीत गेली. आम्ही सगळे तिच्या मागं. मागच्या दारी मुडलीवाली बसली होती. मुडली म्हणजे इकडच्या डोंगरातला हातभर लांब कंद. तो विकणारी ही बाई गावाबाहेर, ओढ्यापलीकडे राहायची आणि टोपली उतरली की आमच्याकडे चहा घ्यायची. तीही कप घेऊन दारात येऊन उभी राहिली.

सासूनं भिंतीला तळहात लावला. गादी हुंगली. मग वर पाहिलं. कोपऱ्यात रंगाला नारळाएवढा फुगा आला होता. रंगाच्या पापुद्र्यामागं पाणी साठून तो लोंबत होता आणि आत काहीतरी गडद तरंगत होतं.

“पावनं, ह्ये काय?”

“रंग हाय,” बाबा म्हणाले. “वाळतोय.”

सासूनं छत्रीचं टोक वर करून त्याला लावलं. जोरानं नाही. फुगा फुटला. तपकिरी, चिकट पाणी बाळंतिणीसाठी घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पडलं, त्यात काळ्या गुठळ्या, आणि दोन-तीन पांढऱ्या बारीक अळ्या. त्या हलत होत्या. त्याचा वास मला आजही सांगता येतो. शेळीचं दूध नासलं आणि त्यात माती पडली तर येईल तसा.

मग सासू म्हणाली, “चल गे. दुपारची गाडी हाय.”

अक्का खाटेवर बसली. “मी न्हाई जाणार.”

“हितं पोराला किडं पाडायचं हाईत व्हय?”

आई रडायला लागली. बाबा चादरीची टोकं गोळा करत होते, अळ्या दिसू नयेत म्हणून.

मुडलीवालीनं कप खाली ठेवला. “माझ्या घरात ऱ्हाऊ दे तिला. चूल बारा म्हयने पेटती. ओल कुठनं येणार?”

“तुझ्या घरात?” बाबांनी विचारलं.

“मग काय ह्या डबक्यात ठेवताय, शेट?”

सासू बाबांकडे न बघता तिच्याबरोबर ओढा ओलांडून गेली. मीही गेले. घर मातीचं, कौलांचं, आत वाकून शिरायचं. छताला फळ्या नव्हत्या. चुलीचा धूर सरळ वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडत होता. वासे धुरानं काळेकुळकुळीत. सासूनं भिंतीला तळहात लावला. कोपऱ्यातली वाकळ उचलून गालाला लावली.

“गळत न्हाई?”

“गळतंय की. गळलं की काठीनं कौल सारायचं.”

“हितं ठेवा,” सासू म्हणाली, आणि तिथंच बसून पहिला चहा घेतला.

श्रावणात अक्काला मुलगी झाली. सुईण गावातलीच होती. आई रोज पहाटे तेल घेऊन ओढ्यापलीकडे जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणात ती पाहुणी होती आणि हे तिला कळत होतं. अंघोळीला पाणी कोणत्या हंड्यात तापवायचं, हेही तिला विचारावं लागे. बाबा जेवणाचा डबा अंगणापर्यंत आणायचे, छत्री धरून उभे राहायचे, रिकामा डबा घेऊन जायचे. आत आले नाहीत. रंगाचे फुगे खोलीत एकामागून एक येतच राहिले. मी ते खाली बादली धरून फोडत होते.

बारसं तरी आपल्या घरी करू, असं बाबांनी सुचवलं. आईनं विचारलं, “कुठल्या छताखाली?”

बारशाला खानापुराकडची माणसं आली. एवढ्याशा घरात दाटीवाटीनं बसली. बाबांना त्या दिवशी वाकून आत यावंच लागलं. अक्काच्या सासरचा एक म्हातारा कौलांकडे बघत म्हणाला, “पावनं, तुमचं सलाबचं घर म्हणत हुते. ह्ये घर कुणाचं?”

बाबा नातीकडे बघत राहिले. “आमचंच म्हणा,” म्हणाले.

मुडलीवाली चुलीपाशी घुगऱ्या ढवळत होती. मान न वळवता म्हणाली, “म्हणा की. पाऊस संपूस्तवर.”