तात्यांच्या सायकलचा दिवा

पाण्याच्या पंपावर कामाला असलेल्या तात्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. सायकलला बॅटरीवरची मोटर बसवली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "दिव्याची तारही या बॅटरीलाच जोडू."

"म्हणजे ती उतरली की मोटर बंद आणि वर अंधार! मी काय दूधखुळा आहे?"

दिव्याला वेगळी छोटी बॅटरी घेतली. आठवडाभर पुरेल, असं मिस्त्री म्हणाला होता. तिसऱ्याच पहाटे दिवा मिणमिणू लागला. तात्यांनी आधी मिस्त्रीला झापलं, मग सायकल घरात, पलंगाशेजारी आणली. तरी तेच!

"चोर घरातच आहे," असं म्हणत त्यांनी मुक्कामाला आलेल्या मेहुण्याकडे पाहिलं. "बॅटरीवर मोबाईल चार्ज करत असणार."

भावाचं नाव निघताच बायको उसळली. "चोर मी दाखवते! बॅटरी कुणी उतरवली का, हे बघायला रोज संध्याकाळी दिवा लावून कोण बसतं? चहा होतो, जेवणं होतात, दिवा आपला जळतोच आहे!"

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मागच्या चाकाला डायनॅमो लावून आणला. चाक फिरलं तरच दिवा लागणार, म्हणजे उतरायला काही उरलंच नाही. बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला.

संध्याकाळी तात्यांनी सायकल उलटी ठेवली, मेहुण्याला पेडलपाशी बसवलं आणि स्वतः दिव्यासमोर उकिडवे बसले.

"फिरव. आणि मुद्दाम हळू फिरवू नकोस, माझं लक्ष आहे!"