सत्यभामेची नडगी आणि माझा चहा

आमच्या गुढियारीच्या गल्लीत सकाळी डबा आणि हेल्मेट घेऊन निघणारी बाई एकच, सत्यभामा. नवरा गेल्यावर रेल्वेच्या वॅगन कारखान्यात त्याच्या जागी लागली. आधी साहेबांना पाणी द्यायची. सहा वर्षं मागे लागून ड्रिल मशीन शिकली आणि मिळवलीही. रायपूर राजधानी झालं तेव्हा आम्ही असे फुगून फिरत होतो, जशी काही मंत्र्याची खुर्ची आमच्याच ओसरीवर ठेवली होती. ती नाही फुगली. तिच्याजवळ मशीन होती.

राजधानी होऊन वर्ष व्हायच्या आत लोखंडी पत्रा तिच्या नडगीवर घसरला. हाड मोडलं, मांस उघडं पडलं. आत सळई घातली, हाड जुळत आलं. पण तीन महिने झाले तरी जखम काही भरेना. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीनंतर तपासू. नाही भरली तर बसायचं काम."

बसायचं काम म्हणजे पुन्हा पाण्याचा जग. ती मला म्हणाली, "वैनी, लंगडत जाईन मी, पण तो जग हातात नाही धरत."

मला तर ना जखम, ना काम. मी रोज दीडला जायची, तिचं जेवण होता होता. तोवर माझ्याजवळ अख्ख्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, बातम्या जमलेल्या असत. ती पाहुणीला चहा ठेवायची, आणि मी एकटी कशी पिणार म्हणून स्वतःही दोन कप घ्यायची. वर माझे उपचार फुकट: मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, भाजी खा, तिळाची चटणी खा, अंडी खा. बिचारी सगळं खायची. तरी जखम भरेना, तेव्हा मीच पाऱ्यात सांगितलं, "अंडी आपल्या पोरीले देते, स्वतः कुठं खाते ती."

दवाखान्यात तिच्यासोबत मी बिनबोलावता गेले. रक्तात लोह कमी निघालं. आहार सांगणाऱ्या दीदीनं समजावलं की नवी कातडी धरायला जस्त, तांबं, लोह लागतं; चिमूटभरच, पण लागतंच. जेवणावर चहा ओतला की लोह अंगी लागत नाही, थोडं जस्तही वाया जातं.

"तो खाने के बाद चाय क्यों पीती हो?"

सत्यभामेनं नुसती मान माझ्याकडे वळवली. दीदीनं मला असं पाहिलं, जसं जखमेतला पू पाहतात.

जस्ताच्या आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मला दारातच हुकूम मिळाला, "वैनी, चार वाजता येत जा."

"अवं, चारपर्यंत बातमी शिळी होते."

"मग शिळीच आणा."

दीड वाजता मी घरी बसून भिंतीला बातम्या सांगितल्या. भिंत मध्ये प्रश्न विचारत नाही, त्यामुळे मजा येत नाही. पण सहाव्या आठवड्यात तिच्या नडगीवर गुलाबी कातडी धरली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तिला उकिडवं बसवलं, जिने चढवले. बाहेर बाकड्यावर मी एका अनोळखी बाईला सांगून राहिली होती की हिला मीच बरी केली. तेवढ्यात सत्यभामा कागद घेऊन आली.

"फिट. सोमवारपासून मशीनवर." मग बाईकडे पाहून म्हणाली, "अर्धी गोळ्यानं बरी झाली, अर्धी यांच्या न येण्यानं."

आणि फाटकाकडे निघाली. मी चपला शोधून मागे पळेपर्यंत ती रस्त्याला लागली होती. गाठता काही आली नाही.