टिंबानंतरचे आकडे

दोन पॉइंट सात या संख्येतले दोन एकीकडे काढायचे आणि पॉइंट सात दुसरीकडे, एवढंच काम होतं. शाळेतलं मूल पेन्सिलीने करेल. पण तेच असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरला त्याच्याच भाषेत एकेक पायरी सांगून करून घ्यायचं म्हटलं की भल्याभल्यांची तारांबळ उडायची. आणि भल्याभल्यांची उडालेली तारांबळ बघणं हा पंचविसाव्या वर्षी माझा एकमेव छंद होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसई पूर्वेच्या एका औद्योगिक गाळ्यात आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. आम्ही म्हणजे मालक, एक डिप्लोमावाला, सोल्डरिंग करणाऱ्या चार बायका आणि मी. एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतल्यापासून मालक इंग्रजीतून रागवायला लागले होते. त्यापलीकडे त्यांची काही प्रगती झालेली नव्हती. आकडा दिसला की काटा तयार, एवढंच त्यांचं शास्त्र. मी फुलपाड्याहून मोपेडवरून यायचो आणि गाळ्यात पाय ठेवल्यापासून निघेपर्यंत मनातल्या मनात या सगळ्यांची कीव करायचो. सोल्डरिंगवाल्या बायकांची तेवढी करत नसे, कारण त्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

मालकांना एकदा कल्पना सुचली की काटा कॉम्प्युटरला जोडायचा आणि वजनाची छापील चिठ्ठी द्यायची. प्रोग्राम लिहायचं काम आधी डिप्लोमावाल्याकडे गेलं. काट्याकडून येणारं वजन छापायचं तर टिंबाच्या अलीकडचा भाग आणि पलीकडचा भाग वेगळा करावा लागतो. त्याने प्रोसेसरला सांगितलं, याचा पूर्णांक दे. प्रोसेसरने दोन पॉइंट सातचे तीन केले, कारण ‘कापून टाक’ असं मुद्दाम सांगितल्याशिवाय तो जवळचा पूर्णांक घेतो. दोन पॉइंट सातमधून तीन गेले, उरले उणे पॉइंट तीन. कागदावर आलं तीन, टिंब आणि पुढे कचरा.

यावर या गृहस्थाने शोधलेला उपाय ऐकण्यासारखा आहे. प्रत्येक वजनातून आधी अर्धा वजा करायचा आणि मग पूर्णांक काढायचा! दोन पॉइंट सातचं काम झालं आणि स्वारी खूश. पेढे वाटायचेच बाकी होते. मग काट्यावर नेमकं तीन किलोचं वजन ठेवलं. त्यातून अर्धा गेला, राहिले अडीच. आणि संख्या बरोबर मधोमध सापडली की प्रोसेसर सम आकड्याकडे जातो, हे या महाभागाच्या गावीही नव्हतं. तीनचे दोन झाले आणि उरलेला अख्खा एक किलो टिंबाच्या पुढे शंभर होऊन छापला गेला. दोन किलो, चार किलो बरोबर. एक, तीन, पाच चूक. ‘विषम वजनं टाळता नाही येणार का?’ असं त्याने मालकांना खरोखर विचारलं.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्याचीच वाट बघत होतो.

सी भाषेत हे सगळं एका ओळीत झालं असतं आणि आमच्या कॉम्प्युटरवर ती होतीही. पण सीमध्ये लिहिणारे म्हणजे दुकानातून तयार पीठ आणून स्वयंपाकाचा तोरा मिरवणारे, असं माझं मत होतं. मी असेंब्लीतच लिहिलं. प्रोसेसरच्या गणिती भागात काही बिट, म्हणजे शून्य-एकच्या खुणा, असे असतात की ते बदलले की तो जवळचा पूर्णांक शोधायचं सोडून सरळ टिंबापाशी कापतो. मी ते बदलले, पूर्णांक कापून घेतला, बिट पुन्हा होते तसे केले. तो पूर्णांक मूळ वजनातून वजा केला की अपूर्णांक हातात, आणि त्याला शंभराने गुणलं की टिंबानंतरचे आकडे. आकडे छापण्यासाठी एकच इवलंसं रूटीन, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रामचा तुकडा, लिहिलं आणि टिंबाच्या दोन्ही बाजूंना तेच वापरलं. या काटकसरीचं मला फारच कौतुक होतं. गाळ्यातली सगळी वजनं ठेवून बघितली: एक किलो, दोन किलो, पाचशे, दोनशे, शंभर ग्रॅम. सगळं चोख आलं. डिप्लोमावाल्याला मी पुढचे आठ दिवस ‘विषम’ म्हणून हाक मारत होतो.

पहिला काटा गेला राजोडीच्या बाजूच्या एका छोट्या प्रसूतिगृहात. तिथल्या डॉक्टरांना बाळाच्या केसपेपरला छापील चिठ्ठी लावायची हौस होती. बाकी सगळा कारभार एक वयस्क नर्स बघायच्या. वसईतल्याच एका ख्रिस्ती वाडीतल्या, गळ्यात क्रूस, बोलणं मोजकं. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. पंधरा दिवसांनी मी काटा तपासायला गेलो, तर त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आल्या.

‘बाबा, एक विचारू? तुझ्या कागदावर टिंबाच्या पुढे कधी दोन आकडे येतात, कधी एकच. असं का?’

मी गठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘सिस्टर, शेवटचं शून्य तो छापत नाही. पॉइंट पाच आणि पॉइंट पन्नास एकच. शाळेतलं गणित आहे.’

‘म्हणजे पॉइंट पाच आलं तर अर्धा किलो धरायचा?’

‘दुसरं काय धरणार?’

‘बरं,’ त्या म्हणाल्या आणि गठ्ठ्याला रबर लावून निघून गेल्या. गाळ्यात आल्यावर मी हा किस्सा मालकांना नकलेसकट सांगितला. थर्मामीटर झटकण्यापलीकडे ज्यांचा यंत्राशी संबंध नाही, त्यांनी माझ्या दशांशावर शंका घ्यावी यावर आम्ही दोघं पोटभर हसलो.

महिन्याभराने गाळ्यात फोन आला. सिस्टर म्हणाल्या, ‘दुसऱ्या कुणाला पाठवू नको. तू ये.’ कुणीतरी काटा पंख्याखाली ठेवला असणार आणि वाऱ्याने आकडा हलत असणार, अशी खात्री बाळगून आणि त्यावरचं भाषण तयार करून मी गेलो.

सिस्टर रागावल्या नाहीत. काट्याशेजारी शेजारच्या वाण्याकडून आणलेली वजनं मांडलेली होती. त्यांनी दोन किलोचं वजन ठेवलं आणि त्यावर पन्नास ग्रॅमचं. चिठ्ठी आली, 2.5. मग पन्नास उचलून पाचशेचं ठेवलं. चिठ्ठी आली, 2.50. दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या.

मला कळायला क्षणसुद्धा लागला नाही. माझं ते लाडकं रूटीन पूर्णांक छापण्यासाठी लिहिलेलं होतं आणि पूर्णांकाच्या आधी कुणी शून्य लिहीत नाही. पाचचे ते फक्त पाच छापणार. टिंबाच्या पुढे ते शून्य-पाच असायला हवेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गाळ्यात पन्नास ग्रॅमचं वजन नव्हतं. ते आणावं असं मला वाटलंही नाही. डिप्लोमावाल्याची चूक निदान दिसत तरी होती. दोन पॉइंट शंभर बघून कुणीही हसलं असतं. माझी चूक अगदी खऱ्यासारखी दिसत होती. मला शिसारी आली, आणि या वेळी ती दुसऱ्या कुणाची नव्हती.

मग सिस्टरनी सांगितलं. सहा दिवसांपूर्वी तिथे एक मुलगी जन्मली होती. चिठ्ठीवर वजन 2.5. अडीचच्या खालचं मूल तिथे काचेच्या पेटीत उबेला ठेवायचे आणि चमच्याने दूध पाजायचे. हिला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. काल परत आणली तेव्हा अंग गार पडलं होतं, ओढून दूध प्यायची ताकद नव्हती, आणि वजन भरलं एक पॉइंट नव्वद.

‘पाच दिवसांत सहाशे ग्रॅम जात नाहीत रे. गेले तर चेहरा सांगतो,’ सिस्टर म्हणाल्या. ‘तिचा चेहरा तसा नव्हता. मग मला तुझे कागद आठवले.’

‘आता कशी आहे?’

‘पेटीत आहे. आज सकाळपासून दूध घेते. पोर जगेल. आईचं अवघड आहे. सासू कालपासून बोलते आहे, अडीच किलोचं पोर तुझ्या हातात दिलं आणि तू वाळवलंस. मी सांगितलं काटा चुकला, तर म्हणते सिस्टर सुनेची बाजू घेते. आणि कागद दाखवते. तुझा कागद आहे. तू सांग.’

आधी प्रोग्राम दुरुस्त करतो म्हणालो. आकडा दहाच्या खाली असेल तर अगोदर शून्य छाप, एवढंच करायचं होतं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग दुरुस्त करण्यासारखं आणखी काही सापडतं का, ते मी बराच वेळ शोधत बसलो, कारण आत जायची मला हिंमत होत नव्हती.

आई विशीतली होती. भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खाटेपाशी उभा राहून फ्रॅक्शन, कन्व्हर्जन, लीडिंग झीरो असं काहीबाही बोलत राहिलो. मालकांपुढे बोलायचो तसंच. ती वळली आणि माझं बोलणं संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

‘म्हंजे माजं दूध कमी नव्हतं?’

‘नव्हतं. बाळ जन्मलं तेव्हाच दोन किलो पन्नास ग्रॅमचं होतं.’

ती उठून बसली. ‘आईंसमोर बोला हे. आई, इकडं या.’

सासू पेटीपाशी उभी होती, ती आली. मासळी विकणारी, भरल्या अंगाची बाई. घडी केलेली चिठ्ठी हातातच होती. मी पुन्हा सांगितलं. या वेळी एकही इंग्रजी शब्द सापडेना. ‘मावशी, हा कागद खोटा आहे. आकडा मी चुकीचा छापला. तुमच्या सुनेने काही केलेलं नाही.’

तिने चिठ्ठी उलगडून बघितली. ‘माज्या हाताला तवाच हलकं लागलेलं,’ ती हळूच म्हणाली. ‘रोज मासली उचलते मी. पन कागदावर अडीच होतं ना.’

हातांना कळत असताना हिने कागदावर विश्वास ठेवला म्हणून तिला नावं ठेवायला माझी जीभ सवयीने वळवळली. पण तो कागद माझा होता.

सुनेने पदराने तोंड पुसलं. ‘हिच्या बाबांसमोर पन बोला. त्यांनी पन मला लय ऐकवलंय.’

‘कुठे आहेत ते?’

‘होडीवर गेलेत. संध्याकाळी येतील.’

तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.