अध्यक्षांचा चहा

जन्मभर हेडमास्तरकी केलेली, त्यामुळे इमारतीच्या बैठकीचं अध्यक्षपद मी न विचारताच घेतलं. बैठक माझ्याच घरी. मी बोलायचो, बाकीचे मूग गिळून बसायचे.

शेवटी खालच्या मजल्यावरची नर्सबाई म्हणाली, "लोक का बोलत नाहीत, ते सगळे मिळून शोधू. एकेक बदल करून बघू, फरक पडतो का ते सगळ्यांनीच ठरवू."

आधी वार बदलला, मग खुर्च्या गोल मांडल्या. शांतता कायम. तिसऱ्या खेपेला सर्वानुमते मला चहा करायला आत पिटाळलं. आतून ऐकतो तर बाहेर नुसता कालवा! गळक्या टाकीचं जुनं दुखणं चहा उकळायच्या आत मिटलं.

मी ऐटीत कप आणले. सगळ्यांनी घोट घेतला आणि पुन्हा शांतता पसरली.

नर्सबाई म्हणाली, "पुढच्या खेपेला चहा करणारा बदलून बघू."